पायरीचा दगड सुटला नव्हता

चोरलकडच्या जंगलात आम्ही इंदूरचे काहीजण रविवारी पायवाट दुरुस्त करायला जायचो. परवानगी वनखात्याची, मेहनत आमची. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक मॅडम आमच्या म्होरक्या. उतारावर दगडांच्या पायऱ्या त्या स्वतः बसवायच्या. लोकांनी पाडलेले शॉर्टकट बुजवणं माझ्याकडे, कारण तिथूनच पावसाचं पाणी घुसून डोंगर कापत जातं. मी त्या शॉर्टकटांच्या तोंडाशी बोरीचे काटे रचायचो.

माझा धाकटा भाऊ ते उपसायचा. पोह्यांच्या गाडीवर आधी पोचायला!

त्या दिवशी बाकीचे पुढं गेले होते. तो पायरीवर एक हात टेकून दुसऱ्यानं काटे ओढत होता.

"दादा, तुझी वाट म्हणजे सरकारी फाइल. फिरतेय नुसती. घरी वहिनी ऐकत नाही, म्हणून इथं काट्यांवर हुकूम?"

"सोड ते."

"नाही सोडत. क्या कर लेगा भिया?"

मी कुदळ उलटी फिरवली आणि पायरीवरच्या हातावर हाणली. हाड फुटल्याचं ऐकू आलं. तो ओरडला, आणि मी परत हाणली. पहिला घाव रागाचा म्हणता येईल. दुसऱ्याला मी नेम धरला होता.

लोक धावत आले. ओकारी आवरत भाऊच म्हणाला, "पायरीचा दगड सुटला." मी मान हलवली.

दोन बोटं कापावी लागली. आजही त्याच्या बुटाच्या लेस भावजय बांधते. हॉस्पिटलात मॅडमनी तिच्यापुढं हात जोडले. "दगड मी बसवला होता गं." मी शेजारी थर्मास धरून उभा. पुढच्या रविवारी त्यांनी आपली एकूण एक पायरी पहारीनं उखडून दरीत लोटली. पुन्हा कुणाचा हात जायला नको म्हणून. दुसरी पहार माझ्या हातात होती. पावसानं ती वाट वाहून गेली, आणि मॅडमनी जंगलात येणंच सोडलं.

यंदा मी इंदूरच्या अन्नपूर्णा भागात मॅडमच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. दोन्ही घाव.

त्यांनी खाडकन माझ्या थोबाडीत दिली. माझा चष्मा उडाला. माझी मूठ आवळली गेली, छातीपर्यंत वर आली. ती त्यांनी पाहिली.

"अजून उठते वाटतं?"

"उठते," मी म्हणालो.

त्या एक पाऊल मागं सरकल्या. "त्याच्या बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"मग इथं माझ्याकडं काय तोंड घेऊन आलात? लावा फोन. माझ्यासमोर."

मी लावला. भावजयीनं लगेच उचलला. मागं कुकरची शिट्टी वाजत होती.

"हां दादा, बोला ना."

"तो दगड सुटला नव्हता," मी म्हणालो. "मी मारलं होतं."