अण्णाला दिलेलं मलम

निपाणीत आमचं मेडिकल आहे. नवरा फार्मसी शिकलेला म्हणून दुकान त्याच्या नावावर, पण सव्वीस वर्षं काउंटरवर उभी आहे ती मी. लोक डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात. कुणी मराठीत सांगतं, कुणी कन्नडमध्ये, आणि लाजेचं काही असलं की दोन्ही भाषांत आवाज सारखाच खाली येतो.

माझा थोरला भाऊ, अण्णा, बोरगावला शेती करायचा. पंचेचाळिशीत त्याला साखरेचा आजार लागला. आधी गोळ्या चालल्या. पुढं गोळ्यांना साखर दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. सुई टोचायला त्याला मीच शिकवलं. मारका बैल शिंगाला धरून आवरणारा माणूस, पण त्या नखाएवढ्या सुईला घाबरायचा. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी मोटारसायकलवरून निपाणीला यायचा, दुकानाच्या मागच्या खोलीत शर्ट वर करून बसायचा आणि तोंड भिंतीकडे फिरवायचा.

"टोच गं लवकर," म्हणायचा.

मी पोटाची चिमूट धरायची आणि टोचायची. ती मऊ, कोमट चिमूट अजून माझ्या बोटांना आठवते.

पाचेक वर्षं बरी गेली. मग एका दुपारी तो दुकानात आला. गिऱ्हाईक होतं, म्हणून बाजूला थांबला. सगळे गेल्यावर काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला, "परसाकडला रक्त जातंय गं. लई दिवस झालं."

"दुखतं काय?"

"न्हाय. दुखत न्हाय. कदी तांबडं असतंय, कदी काळपट."

मी पुढं एकही प्रश्न विचारला नाही. दिवसाला दोघं-तिघं तरी हेच सांगत यायचे. मूळव्याध हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये जवळजवळ एकच, त्यामुळं तो माझ्या तोंडात बसलेला. मी मागं वळले, मलमाची ट्यूब काढली, इसबगोलचा डबा काढला.

"मूळव्याध आहे. ठेचा बंद कर. रात्री हे दुधातनं घे."

"डॉक्टरला दाखवू काय?"

"आधी पंधरा दिवस हे करून बघ की."

"व्हय, तुला कळतंय म्हणा," असं म्हणून तो ट्यूब शर्टाच्या खिशात घालून गेला. तीन-चार महिन्यांत त्यानं आणखी दोन ट्यूब नेल्या. वजन उतरत होतं. मी खूश होते. साखर आटोक्यात आली, पोट आत गेलं, असं मीच त्याला म्हणाले. तो हसला होता.

वर्षभरानं शेतात चक्कर येऊन पडला तेव्हा अंगात रक्तच नव्हतं. बेळगावला नेलं. मोठ्या आतड्यात गाठ, आणि ती यकृतापर्यंत पोचलेली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी रक्त जात नव्हतं का?" अण्णानं माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग म्हणाला, "आमी काय बघतोय साहेब, शेतकरी मानसं."

मला वाचवायला तो खोटं बोलला, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी त्याचे रिपोर्ट पिशवीत भरले. आठ महिन्यांनी तो गेला. साठ वर्षांचा होता.

त्यानंतर कुणी ते मलम मागितलं की माझा हात रॅकपाशी थबकायचा. दुपारी दुकान रिकामं असताना काउंटरच्या त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभं राहणं मला जमायचं नाही. कुणीतरी सगळे जायची वाट बघत थांबलंय असं वाटायचं. मागं बघावं तर रस्ता, रिक्षा, समोरचं सायकलचं दुकान.

तीन वर्षं अशी गेली. मधल्या काळात माझीही साखर वाढली. गोळ्या वाढवून झाल्या, तळपाय जळायला लागले, आणि आमच्या डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. रोज किती जणांना मी ते बर्फाच्या पिशवीत घालून देते! स्वतःचं इन्सुलिनचं पेन मात्र फ्रिजच्या दारात दीड महिना तसंच पडून होतं. नवरा विचारायचा, घेतलंस काय? मी हो म्हणायचे. फोनवर कुणीतरी पाठवलेलं मी वाचलं होतं, की इन्सुलिन घेणाऱ्यांच्या आतड्यात गाठी होतात. अण्णाला टोचलं कुणी? मलमाच्या आधी पाच वर्षं, माझ्याच हातानं.

पुढच्या तपासणीत साखर आणखी वर. डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवून थेट विचारलं, "तुम्ही घेतच नाही ना?"

मी सगळं सांगून टाकलं. मलम, वजन, अण्णाचं खोटं, सगळं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

मग ते म्हणाले, "इन्सुलिनबद्दल अशी शंका घेतली गेलीय, हे खरं. पण ज्याला इन्सुलिन लागतं त्याची साखर आधीच कैक वर्षं वाढलेली असते, वजन वाढलेलं असतं. त्यातलं कशामुळं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. तुमच्या भावाला कशामुळं झालं, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. साखर मोकाट सोडली तर काय होतं, ते मात्र नक्की माहीत आहे."

"आणि गाठ?"

"ती एका दिवसात होत नाही. आधी आतड्याच्या आतून चामखिळीसारखी वाढ येते, पॉलिप म्हणतात. वर्षानुवर्षं नुसती बसून असते. तेव्हाच काढली तर पुढचं टळतं. तुम्हाला साखर आहे, सख्ख्या भावाला झालं होतं. दुर्बीण घालून बघूनच घ्या."

अण्णाचा मुलगा बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर आहे. एकोणचाळीस वर्षांचा, चालणं हुबेहूब बापाचं. आदल्या दिवशी मी त्याच्याकडे मुक्कामाला गेले. दुपारपासून ते खारट औषधाचं पाणी पेल्यामागून पेला प्यायचं आणि संडासात पळायचं. मी बाहेर आले की तो दारात उभा असायचा. "आत्ती, चक्कर येत न्हाय न्हवं? साखर बघू काय?" त्याच्या हातात अण्णाचंच ग्लुकोमीटर होतं. माझं बोट धरून त्यानं सुई टोचली तेव्हा मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तपासणीत माझ्या आतड्यात दोन पॉलिप सापडले. दोन्ही तिथल्या तिथं काढून तपासायला पाठवले. आठवड्यानं रिपोर्ट आला, तो घ्यायला पुतण्याच माझ्याबरोबर होता. कॅन्सर नव्हता. पण एक त्याच वळणाचा होता, पुढं जाऊन बिघडला असता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठरलेल्या मुदतीनं पुन्हा तपासायला सांगितलं आणि पुतण्याकडे वळल्या.

"वडिलांना होतं ना? मग चाळिशीला तुम्हीही तपासून घ्या."

बाहेर कॅन्टीनमध्ये चहा घेताना तो म्हणाला, "मला काय झालंय? कामाला सुट्टी न्हाय."

"तुझा बाप असाच बोलायचा."

"आप्पानी कुणाला सांगितलंच न्हाय. सांगितलं असतं तर नेलं असतं की आमी."

मी कप खाली ठेवला.

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "मला. दुकानात येऊन. मी मूळव्याध म्हणून मलम दिलं. डॉक्टरला दाखवू काय, असं विचारलं होतं त्यानं. मी नको म्हणाले."

तो रागावला असता तर मला सोसलं असतं. त्यानं चहा संपवला, मला स्टँडवर सोडलं, निपाणीच्या गाडीत जागा बघून पिशवी वर ठेवली आणि उतरला.

त्याच्याकडून कळायच्या आत वैनीला आपणच सांगावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी बोरगावला गेले. वैनी अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसून सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक हाय, वन्सं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तवाच. धोतरं मीच धूत नव्हतो काय? डाग बघितलं आनि म्हटलं, निपाणीला जाऊन दाखवा. तर म्हणालं, तिनं औषध दिलंय, ती रोज ह्येच बघतीया, तुला काय कळतंय. मग म्हटलं, व्हय, तुमाला कळत असंल."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमी मलम दिलं. मी डाग धुवून टाकलं."

मग तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की काही सुटेल. उलट, तो शेवटपर्यंत माझ्यावर किती विसंबून होता, हे त्या दिवशी कळलं. आम्ही दोघी ऊन सरकेपर्यंत तिथंच बसून राहिलो.

दुसऱ्या सकाळपासून मी इन्सुलिन घ्यायला लागले. साखर उतरली, पाय जळायचे थांबले. टोचताना पोटाची चिमूट धरली की ती माझी आहे यावर विश्वास बसायला अजून थोडा वेळ लागतो. मलम मागणाऱ्याला आता मी चार प्रश्न विचारते. रक्त किती दिवस, वजन उतरलंय का, घरात कुणाला होतं का. काहीजण चिडतात आणि पुढच्या मेडिकलला जातात. तिथं त्यांना ते मिळतंच.

पुतण्यानं पाच महिने फोन केला नाही. मग एका दुपारी त्याचा फोन आला.

"आत्ती, दुर्बीण केली. एक निघाला, बारका. काढलाय. साधा हाय म्हणाले."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता.

"आईला सांगू नको," तो म्हणाला. "उगंच घाबरंल."

"नाही रं," मी म्हणाले. "गप्प बसायला तेवढं मला सांगू नकोस. येत्या रविवारी बोरगावला ये. दोघं मिळून सांगू."

मशीनचा आवाज मागं पडला.

"बरं," म्हणाला. "किती वाजता येऊ?"