माहीत असण्याचा गुन्हा

मी पेन उचललं की ती म्हणायची, "ताई, हळू लिवा."

जणू हळू लिहिल्यानं नाव कमी उमटणार होतं. मी हळू लिहायचे. ती मान लांब करून वहीत बघायची आणि वाचता येत नसतानाही विचारून घ्यायची, "बास ना? एवढंच ना?"

पाथर्डी भागातल्या एका सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. एचआयव्हीच्या तपासणीला आलेल्यांशी बोलायचं, निकाल सांगायचा, गोळ्या सुरू झाल्या की चुकू द्यायच्या नाहीत, हे माझं काम. आमची खोली जिन्याखाली आहे. दारावर रोगाचं नाव नाही, नुसता आकडा आहे. तरी गावाला सगळं ठाऊक असतं. तुम्हीही अशा दारासमोरून जाताना तिथं कोण बसलंय ते एकदा तरी वळून पाहिलं असेल.

ती तृतीयपंथी होती. चाळिशीची, उंच, रुंद खांद्यांची. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात, तशी तीही एका टोळीबरोबर काष्टीकडच्या फडांवर जायची. ऊस तोडायला नाही, पोरं सांभाळायला. आया पहाटे फडात गेल्या की कोप्यांवरची, पाचटाच्या त्या झोपड्यांतली, सगळी लेकरं तिच्याकडे. तीन झोळ्या एका ओळीत बांधायची, तिन्हींच्या दोऱ्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळायची, आणि भाकऱ्या थापता थापता तिघांना झोके द्यायची. मला हे सांगताना तिनं खुर्चीत बसूनच पाय हलवून दाखवला होता. "एक रडलं तर तिघं हलत्यात, ताई. न रडनाऱ्याचा फुकटचा फायदा." पोरं तिला आत्या म्हणायची. घरच्यांनी कधीच हाकलून दिलेल्या बाईला (ती स्वतःला बाईच म्हणायची) या हाकेचं किती कौतुक होतं, ते तिच्या तोंडाकडे बघून कळायचं.

गोळ्या ती पावडरच्या डब्यात ठेवायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, "पावडरच्या डब्याला कोन हात लावनार? समद्यांना वाटतं, हिचं बाईपन हाय त्यात."

तिची एकही गोळी चुकली नव्हती. रक्ताचा अहवाल चांगला होता. विषाणू सापडणार नाही इतका कमी झाला होता. मी तिला समजावलं होतं, की अशा माणसाकडून संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. तिनं ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा लाजली. तेव्हा मला कळलं, की कुणीतरी आहे.

तो त्याच टोळीतला होता, मुकादमाचा धाकटा भाऊ. बायको माहेरी निघून गेलेली, स्वतः अबोल. आणि इथं मला थांबावं लागतं. कारण तिनं ज्याचं नाव सांगितलं तो मला आधीपासून माहीत होता. तोही माझ्याच खोलीत यायचा, तिच्या पहिल्या तपासणीच्या दोन वर्षं आधीपासून. वेगळ्या वारी यायचा, वेगळ्या दारानं जायचा. तिला हे ठाऊक नव्हतं. मी सांगू शकत नव्हते. कायदाच तसा आहे, आणि तो चांगला आहे असं मी कितीतरी जणांना छातीठोकपणे सांगितलंय.

दोन वर्षांपूर्वी हंगाम संपून टोळी परतली आणि त्याला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं रक्त तपासलं. तिथल्या माणसानं अहवाल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. मुकादमानं भावाला एकच विचारलं, "कुनापास्नं?" भाऊ गप्प राहिला. तो तिच्याकडे जातो हे टोळीला ठाऊक होतं; तेवढं गप्प राहणं पुरलं. मुकादम चार माणसं घेऊन तिच्या खोलीवर गेला. सामान उचकटलं. पावडरचा डबा उपडा केला, तर गोळ्या घरंगळल्या.

त्याच दिवशी पोलिसात तक्रार झाली. हिला रोग आहे हे माहीत असून हिनं मुद्दाम दिला.

हवालदार माझ्या खोलीत आला तेव्हा दार लोटून खुर्चीत ऐसपैस बसला.

"ती हितं येती का? रजिस्टर दाखवा."

"कोर्टाचा आदेश आणा," मी म्हटलं.

"म्हंजे येती."

"येते असंही मी म्हणत नाही. येत नाही असंही म्हणत नाही."

तो हसला. "ताई, कागद आज ना उद्या निघतोच. मग तुमचंबी नाव निघंल, लपवलं म्हनून."

तो गेल्यावर मी कपाटाला कुलूप लावलं. घरी निघाले, फाटकातून परत आले, कुलूप ओढून पाहिलं. डॉक्टर माझ्या बाजूनं होते, तरी किल्ली मी घरी नेली. रजिस्टरच्या एकाच कपाटात दोघांची पानं होती. एक पान तिला अडकवणारं, दुसरं सोडवणारं. आणि दोन्ही मला उघडता येत नव्हती.

तिला चौकीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवलं. कागदावर तिनं टाकून दिलेलं जुनं, पुरुषाचं नाव लिहिलं. बायकांच्या बाजूला बसवायचं की पुरुषांच्या, यावर दोघांनी तिच्यासमोरच हसून चर्चा केली. गोळ्या पुरावा म्हणून ठेवून घेतल्या. नगरहून मोफत सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई धावत आल्या, त्यांनी जामिनावर सोडवलं. पण दर आठवड्याला हजेरी लागली.

पाचव्या दिवशी ती आली. पदर डोक्यावरून तोंडावर ओढलेला. खुर्चीत बसली नाही, दाराच्या मागे उभी राहिली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नव्या गोळ्या मी पुढं केल्या.

"नको."

"पाच दिवस झालेत. अशा सोडता येत नाहीत."

"ताई, ह्या माझ्याकडं सापडल्या म्हनूनच मला माहीत हुतं असं ठरलं." ती कुजबुजत होती. "तपासलंच नसतं तर? कायबी झालं नसतं. ज्याला माहीत न्हाई त्याला कोन काय म्हनतंय? आजार झाला त्याचा गुन्हा न्हाई, माहीत असल्याचा हाय."

मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले, तपासून घ्या, माहीत असलेलं बरं.

मग ती म्हणाली, "एक विचारू? माझ्यामुळंच झालं असंल का वो त्याला? खरं सांगा."

"तुमच्या गोळ्या नियमित आहेत. तुमच्याकडून होणार नाही, हे मी तुम्हाला सांगितलंय."

"त्ये हुय. पन गोळ्यांच्या आधी?"

गोळ्यांच्या आधी ती त्याला ओळखत होती की नव्हती, मला ठाऊक नव्हतं. मला दुसरंच ठाऊक होतं, आणि ते जिभेवर आलं होतं. मी पाण्याचा ग्लास पुढं केला. माझ्या नोकरीत मी केलेली ती सगळ्यात भेकड गोष्ट असेल, किंवा सगळ्यात प्रामाणिक. अजून मला ठरवता आलेलं नाही.

तिच्या ओळखीतल्या दोघी त्या महिन्यात तपासणीला यायच्या होत्या. आल्या नाहीत. फोन केला तर एकीनं "राँग नंबर" म्हणून ठेवला. तो आवाज मला चांगला ओळखीचा होता.

त्याचा गोळ्यांचा दिवस आला. ऑपरेशननंतर पोट धरून चालत आला. मी दार लावलं.

"तुमच्याबद्दल मी कुणाला काही बोलणार नाही," मी म्हटलं. "पण तुम्हाला माहीत आहे ते तुम्ही बोलू शकता."

तो जमिनीकडे बघत राहिला. "भाऊ घरात ठिवायचा न्हाई."

"तिला पोलिसांनी कुठं ठेवलं होतं, माहीत आहे?"

"माहीत हाय," तो म्हणाला. मग, "पोरं इचारत्यात, आत्या कुठं गेली." एवढं बोलून त्यानं शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि उठला.

आठवड्यानं वकीलबाईंचा फोन आला. तो एकटाच चौकीत गेला होता. लिहून दिलं, मला हा आजार तिच्यापासून झालेला नाही. मग कुणापासून, म्हणून त्यांनी खूप विचारलं; तो बोलला नाही. त्याच संध्याकाळी मुकादमानं त्याचं अंथरूण अंगणात टाकलं. पण तक्रारीतला जीव गेला. पुढच्या काही महिन्यांत प्रकरण मिटलं.

मिटलं ते कागदावर. टोळीनं तिला पुन्हा नेलं नाही. खोलीवाल्यानं खोली काढून घेतली. माझ्याकडे ती आलीच नाही. दर महिन्याला मी तिच्या नावासमोर 'आली नाही' असं लिहीत होते.

गेल्या वर्षी सकाळी मी पाथर्डीच्या स्टँडवर उभी होते. शेजारी पँट-शर्टातला एक उंच माणूस, केस बारीक कापलेले, कपाळ कोरं. मी एकदा पाहिलं, परत पाहिलं. तिनं आधी चारी बाजूंना नजर फिरवली, मग हळूच म्हणाली, "ताई."

"गोळ्या?" माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

"घेती," ती म्हणाली. कुठून, ते सांगितलं नाही. खरं होतं का, मला आजही सांगता येणार नाही.

तिची गाडी लागली. लोक दाराकडे धावले. ती तिथंच उभी राहिली.

"वकीलबाईनं सांगितलं, त्यो काय बोलला त्ये. माझ्यापास्नं न्हाई म्हनं." ती माझ्याकडे रोखून बघत होती. "तुमाला आधीच ठावं हुतं का, ताई?"

मी काही बोलले नाही. नजरही खाली घालता येईना.

तिनं मान हलवली. "बरं केलं," म्हणाली. "माझंबी असंच ठिवा."

ती गर्दीत शिरून गाडीत चढली. खिडकीतून मला तिचा खांदा दिसत होता. पाठीमागून कंडक्टर ओरडला, "ओ दादा, पुढं सरका."

ती पुढं सरकली.