ताप उतरवून दवाखान्यात

आमच्या सासरी दवाखान्यात जायचं म्हणजे आधी आजार आवरायचा. हसू नका, खरं सांगतेय. अंगात ताप असेल तर आधी तापाची गोळी घ्यायची, मग आंघोळ, मग डोक्याला तेल, चापून चोपून वेणी, ठेवणीतली साडी, तोंडाला पावडर आणि ठसठशीत कुंकू. एवढं सगळं झालं की डॉक्टरपुढं जाऊन बसायचं. का? तर तापलेल्या अंगानं आणि विस्कटलेल्या केसांनी चार माणसांत कसं जायचं! डॉक्टरनं विचारलं काय होतंय, तर म्हणायचं, 'विशेष काही नाही, जरा कसकस वाटते.'

मला लग्नानंतर हे बघून वेड लागायची पाळी आली होती. माझे वडील महाराष्ट्रातून इकडं, हिंदी मुलखात, कागद कारखान्यात नोकरीला आले, मी कारखान्याच्या कॉलनीत वाढले. आमच्याकडं माणूस कण्हत-कुथत, कानाला मफलर गुंडाळून दवाखान्यात जायचा. खरं तर आजार असायचा त्यापेक्षा चार आणे जास्तच कण्हायचा, म्हणजे सुट्टी लवकर मंजूर होते. आणि इथं बघावं तर बायका दवाखान्याला लग्नाला निघाल्यासारख्या निघायच्या.

त्यात सगळ्यात पुढं जिजी. जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ. पहिलं वर्षभर मी तिला अहो-जाहो केलं, पुढं भांडता भांडता अगं-तुगंवर आलो. ती तापीकाठच्या गावात राहायची, घरची केळी आणि थोडा कापूस. मी शहरात, बुधवारा पेठेत, कारण माझ्या नवऱ्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान तिथं आहे. मला ती 'कारखानेवाली' म्हणायची. माझं बोलणं पुस्तकी, माझी भाकरी जाड आणि माझा आवाज भोंग्यासारखा, असं तिचं मत होतं आणि ते ती पाहुण्यांसमोर सांगायची. आवाजाचं खरं आहे. पण या गावात माझं म्हणावं असं माणूस मला तिच्याशिवाय दुसरं मिळालं नाही, हेही तितकंच खरं आहे.

शहरातच इतवारा पेठेत एक म्हातारे डॉक्टर होते. महाखडूस माणूस. सर्दीला इंजेक्शन, पोटदुखीला इंजेक्शन आणि वरून शिव्या फुकट. माझी काही त्यांच्यावर भक्ती नव्हती. पण जिजी आत शिरली की ते मान वर न करता विचारायचे, 'किती वाजता घेतली गोळी?' घेतली का, असं नाहीच. किती वाजता! जिजी ओशाळून हसायची, 'निघताना.' मग ते तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवायचे. बाकीचे पेशंट तपासायचे, चहा प्यायचे, पेपर वाचायचे. गोळीचा जोर ओसरला, जिजीचे डोळे लाल झाले, दात वाजायला लागले की तिला आत बोलवायचे आणि म्हणायचे, 'हां, आता आलीस तू.' जिजी परत येताना माझ्यावर चिडायची, 'अर्धा दिस गेला माझा त्या म्हाताऱ्यापायी!'

डॉक्टर थकले. मुलगा त्यांना इंदूरला घेऊन गेला आणि दवाखान्याचं शटर पडलं ते पडलंच.

मग शहराबाहेरच्या रस्त्यावर नवा दवाखाना झाला. काचेचं दार, आत एसी, फरशी अशी की चप्पल घालून चालायची लाज वाटावी. आत शिरलं की समोर एका खांबावर पडदा. तो बाईच्या आवाजात गोड हिंदी बोलतो. त्याच्या कॅमेऱ्यासमोर तोंड करून उभं राहायचं, म्हणजे तो ताप बघतो, चिमट्यात बोट घालायचं, विचारलेल्या प्रश्नांना बोटानं हाँ किंवा नहीं दाबायचं. मग पडद्यावर रंग येतो. लाल आला तर डॉक्टरकडं. हिरवा आला तर काउंटरवर गोळ्यांची छापील चिठ्ठी मिळते, ती घ्या आणि घरी जा. लोक तिला मशीनबाई म्हणायला लागले. शहरातून किती लोक तर नुसती ती बघायला जाऊन आले.

माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहे. तो मला फोनवर समजावतो, 'मामी, एआय एक्स-रे वाचतं, डॉक्टरच्या नजरेतून सुटलेल्या गाठी पकडतं, लोकांचे जीव वाचतात.' पकडत असेल बाबा. मोठ्या शहरात ते डॉक्टरच्या शेजारी बसत असेल. आमच्याकडं त्याला डॉक्टरच्या दाराशी बसवलंय, राखणीला, लोकांना आत जाऊ न द्यायला. हे मी भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, 'तुम्ही जरा निगेटिव्ह आहात.' आहेच मी. का नसावं?

पावसाळा संपून केळीची कटाई चालू होती तेव्हाची गोष्ट. जिजीचा फोन आला. संध्याकाळ झाली की थंडी वाजते म्हणाली, आणि कंबर अशी दुखते की वाकवत नाही. मी म्हटलं, 'म्हातारी झालीस.' माझ्या टोमण्याला जिजीनं उलटा टोमणा मारला नाही, तिथंच मी घाबरले. मोठ्या दिरांना, म्हणजे जिजीच्या नवऱ्याला, घरात सगळे दादा म्हणतात. त्यांना सांगितलं, 'दादा, उद्या सकाळी हिला घेऊन या. मी थेट नव्या दवाखान्यात येते.'

सकाळी मोटरसायकलवरून ती उतरली आणि मी कपाळाला हात लावला. मोरपंखी साडी, पावडर, कुंकू, केसात अबोलीचा गजरा. 'काय पाहून राह्यली?' म्हणाली, 'कधी बाई नाही पाहिली?' मी तिचा हात धरला. गार लागला, ओलसर. कपाळावर घाम, पावडरीतून ओघळ उतरलेला.

'गोळी घेतलीस?'

'नाही.'

'जिजी!'

'नाही म्हटलं ना. डोकं नको खाऊ.'

पडद्यासमोर ती अशी उभी राहिली जशी काही फोटो काढायचाय. पदर सारखा केला, हसलीसुद्धा. मशीनबाईनं विचारलं, बुखार है? जिजीनं नहीं दाबलं. कहीं दर्द है? जिजीनं मागं वळून पाहिलं. रांगेत चार बाप्ये उभे होते, शेजारी दादा. तिनं नहीं दाबलं. मी ओरडले, 'अगं, कंबर!' तर ती दबक्या आवाजात म्हणाली, 'सगळ्यांदेखत कंबर दाखवत बसू का?' आणि पडदा हिरवा झाला.

काय तिचा चेहरा फुलला! 'बघ, हिरवा,' म्हणाली. 'पास झाले मी. तू उगाच मले मारून टाकू राह्यली होती.'

मी काउंटरवरच्या मुलीकडं गेले. म्हटलं, हिला रोज संध्याकाळी हुडहुडी भरतेय, कंबर दुखतेय, डॉक्टरांना भेटायचंय. ती मुलगी गोड होती, नाही असं नाही. म्हणाली, 'आंटी, ग्रीन है. नॉर्मल आया है.' मी म्हटलं, 'हिनं गोळी घेतलीय, म्हणून ताप दिसत नाही. हात लावून बघा, केवढा घाम आलाय.' तिनं जिजीकडं पाहिलं. सजलेली, हसणारी बाई. मग पडद्याकडं पाहिलं. 'आंटी, मशीन झूठ नहीं बोलती.'

'मशीन नाही, ही खोटं बोलतेय!' मी जिजीकडं बोट दाखवून ओरडले. रांगेतली माणसं हसली.

तिथं माझं चुकलं असेल तर चुकलं. पण मी करू काय? काचेपलीकडं डॉक्टर दिसत होता. रिकामा बसला होता, कपातून चहा पीत. दहा पावलं नसतील. मी सरळ दाराकडं निघाले तर वॉचमन आडवा आला. म्हणाला, हिरवा असेल तर आत पाठवायची परवानगी नाही, डॉक्टरसाहेबांना आतल्या स्क्रीनवर नावच दिसत नाही. म्हणजे त्या डॉक्टरच्या लेखी माझी जाऊ दवाखान्यात आलेलीच नव्हती! दादा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, 'नाही म्हणते ना ती. कशाला तमाशा?' आणि मागं वळून बघते तर जिजी बाहेर जाऊन मोटरसायकलजवळ उभी. चारचौघांत तिला खोटारडी म्हटलं होतं मी. माझ्याकडं न बघता ती गाडीवर बसली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी फोन केला तर 'आहे बरी' एवढं बोलून ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन आला. ती उठत नव्हती, आणि काहीबाही बरळत होती.

गाडी करून आम्ही तिला थेट जळगावला नेलं. माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं. अंग असं तापलेलं की साडीतून मला चटका बसत होता. केस मोकळे, कपाळ पुसलेलं, तोंडाला पावडर नाही. इतक्या वर्षांत मी तिला घराबाहेर तशी कधीच पाहिली नव्हती. रावेरच्या पुढं कुठंतरी तिनं डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाली, 'घेतली होती गं गोळी. आता ओरडू नको.' मी नाही ओरडले. पदर तिच्या डोक्यावरून नीट घेतला, तिला बरं वाटावं म्हणून.

जळगावच्या डॉक्टरनं तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, नुसतं बोट टेकवलं तर ती किंचाळली. एवढंच करायचं होतं हो! एक बोट! मूत्रपिंडात पू झालेला, ते विष रक्तात पसरलेलं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. तो म्हणाला, 'दोन दिवस आधी आणायला हवं होतं.'

'आणलं होतं!' मी म्हटलं. 'आणलं होतं हो आम्ही!' सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. दादा भिंतीला टेकून खाली बसले.

जिजी जळगावहून जिवंत परत आली नाही. तिला न्हाऊ घातली, मोरपंखी साडी नेसवली, कुंकू लावलं. गावातल्या बायका म्हणाल्या, किती छान दिसतेय, झोपल्यासारखी. मला त्या बायकांचाही राग आला. तेव्हा मला सगळ्यांचाच राग येत होता, आणि अजूनही तो उतरलेला नाही. माणूस असं सजवून-सवरून मरणाकडं चालत जातं आणि समोरचा यंत्राकडं बघून म्हणतो, नॉर्मल आहे.

दिवसकार्य झाल्यावर मी त्या दवाखान्यात जाऊन आले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. काउंटरवरची मुलगी रडली. रडू दे म्हटलं. पडदा मात्र तसाच चालू होता, मी बोलत असताना मधूनच मला म्हणाला, 'कृपया सामने देखिए.'

त्यानंतर आठवड्याभरानं तिथला मॅनेजर गावी आला, दुखवट्याला. मी तेव्हा गावच्याच घरी होते. तिशीतला, टाय लावलेला, बूट दारात काढून आत येऊन बसला. दादा खाटेवर होते, बोलत नव्हते, हल्ली बोलतच नाहीत. तो दोन शब्द बरे बोलला. मग खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढं धरला, पहिला नंबर आल्याचा कागद आईला दाखवावा तसा. 'आंटीजी, आपकी वजह से हमने सिस्टम सुधार दिया. अब ऐसा किसी के साथ नहीं होगा.' फोनवर नवा प्रश्न होता: क्या आपने बुखार की गोली ली है? खाली दोन चौकोन. हाँ. नहीं.

मी त्या चौकोनांकडं बघत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर जिजीचं बोट आलं. तिनं कुठला दाबला असता, ते मला विचारायलाही नको होतं.

तेवढ्यात दादा बोलले. जमिनीकडं बघत बोलले. 'निघताना मी विचारलं होतं तिले. गोळी घेतली का म्हणून. मले बी नाहीच म्हणाली.' मग म्हणाले, 'मी मानलं.'

मॅनेजरच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं मी पाहिलं. माझ्या डोळ्यांदेखत! 'देखिए ना,' तो म्हणाला, 'अंकलजी को भी जब उन्होंने...'

'चूप,' मी म्हटलं. 'ते नवरा आहेत तिचे, ते मानणारच. मी पडले जाऊ, मी मानलं नाही तर माझं कोण ऐकतं? घरची माणसं एकमेकांचं मानतात, म्हणून तर तिला तुमच्या दारात आणली होती. तिचं न मानणारा एक माणूस हवा होता आम्हाला. एकच.'