पालीची जोडी

आमच्या घरात ट्यूबलाइटच्या मागं एक पाल होती. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आई गेल्यावर ते दिवसभर तिच्याशीच बोलायचे. बोलताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं ठरतं, असं आमच्याकडे मानतात. ती चुकचुकली की आबा बाजेच्या लाकडावर बोट आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणायचे आणि सुखावायचे. मला त्या पालीचा कंटाळा होता. पण म्हाताऱ्याला दुसरं होतं कोण?

त्या दुष्काळात गावातली जनावरं चारा छावणीला गेली, सहकारी दूध संस्थेत दूध येईना आणि माझं तिथलं मापाड्याचं काम सुटलं. बायको म्हणाली, ऊसतोडीला जाऊ. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्याला मुकादम घेत नाही. दोघं गेलो तर आबा दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत एकटे. ते हो म्हणेनात, नाही म्हणेनात. पाल काय म्हणते बघू, एवढंच. आणि पाल तर कधीची मुकी. किडेच उरले नव्हते, वाळून ती बाभळीची शेंग झाली होती. आबांचं निदान निराळं. एकट्यानं कुठं कोयता चालतो, म्हणाले, तिलाही जोडीला एक आणा, मग बोलेल. तिकडं मुकादमाचे निरोपावर निरोप, आणि इकडं मी पाल शोधत हिंडतोय. नुसता वीट आला होता.

शेवटी बंद पडलेल्या संस्थेतून एक गलेलठ्ठ पाल किटलीत घालून आणली. सांडलेल्या दुधाच्या वासावर तिथं माश्या अजून टिकून होत्या. बायको नाकाला पदर लावून उभी. मी किटली भिंतीला टेकवली, झाकण काढलं. वाटलं, पाहुणी जाऊन जुनीशेजारी बसेल. तिनं सरळ जुनीवर झडप घातली. जुनीची शेपटी आबांच्या अंथरुणावर पडून वळवळत राहिली आणि जुनी वाशांच्या फटीत गेली ती गेलीच. विकतचं दुखणं मी आपल्या हातानं घरात आणलं होतं. आबा कितीतरी वेळ त्या शेपटीकडं बघत बसले.

नवीही काही दिवस गप्पच होती. मग एका सकाळी चहा पिता पिता आबा आपल्याशीच म्हणाले, "तुमी माघारी येस्तोवर मी काय ऱ्हात न्हाई."

आणि ट्यूबलाइटमागून ती चुकचुकली.

बोट कुणीच आपटलं नाही. बायकोनं कपबशी खाली ठेवली आणि बांधलेलं बोचकं सोडायला उठली. आबांनीच तिला थांबवलं.

"ही नवी हाय, पोरी. हिला या घरचं काय ठावं न्हाई. हिचं धरायचं नसतंय. जावा तुमी."

हसून म्हणाले, म्हणून आम्ही गेलो. फडात मोळ्या बांधताना मला तो आवाज आठवायचा आणि पालीचा, उसाचा, स्वतःचा, सगळ्यांचाच राग यायचा.

हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला तसे आम्ही परतलो. दारातच शेजारची चुलती भेटली. आबांना भाकरी तीच द्यायची. म्हातारा बरा आहे, म्हणाली, पण तुम्ही गेल्यापासून घरात एक अक्षर बोलत नाही. पाणी हवं असलं तरी बाहेर येऊन सांगतो.

आत गेलो. आबा बाजेवर बसले होते. वाळले होते, पण होते. माझा जीव भांड्यात पडला. पाया पडून विचारलं, कसे आहात. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, ट्यूबलाइटकडं पाहिलं, आणि माझा हात धरून काठी टेकत मला अंगणात आणलं. मग विचारलं, "ऊस लई होता का रं?"