ताईचं लग्न, मी वरच्या खोलीत

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, मी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला शिकायला म्हणून पुण्याहून निघाले आणि तिथल्याच झूटरमेर गावी एका घराच्या माळ्यावर येऊन बसले. भारतातून आलेल्यांना तेव्हा विलगीकरण सक्तीचं होतं, आणि हॉस्टेलची खोली एक तारखेशिवाय मिळणार नव्हती. बाबांच्या मित्राचा धाकटा भाऊ इथे आयटीत होता. त्या काका-काकूंनी, आधी कधी पाहिलेलंही नसताना, मला ठेवून घेतलं.

खोलीला तिरकं छत होतं आणि छतातच खिडकी. त्यातून फक्त आभाळ दिसायचं. काकू ताट वरच्या पायरीवर ठेवून दार वाजवायच्या आणि चार पायऱ्या खाली उतरून विचारायच्या, "कालची उसळ तिखट नव्हती ना गं झाली?" मी दाराआडून म्हणायचे, "नाही काकू, छान होती." त्या जरा थांबायच्या. मग त्यांच्या चपला खाली जायच्या.

ताईचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. मला सुट्टी असेल तेव्हा, खास माझ्यासाठी, कारण करवली मी होणार होते. लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की माझे हात गार पडतात, पण ही एक जागा मला हवी होती. हातात करा घेऊन नवरीच्या मागे उभं राहायचं. करवलीकडे कोणी बघत नाही, सगळे नवरीकडे बघतात, आणि तरी ती तिच्या सगळ्यात जवळ असते.

मी पोचून दोन दिवस झाले असतील. ताईचा व्हिडिओ कॉल आला. मागे आई कपाटात काहीतरी शोधत होती.

"अगं, त्यांच्याकडच्या आजोबांना बरं नाहीये. ते लोक म्हणतायत, याच रविवारी उरकून घेऊ."

"चातुर्मासात?"

"गुरुजींनी काढीव मुहूर्त दिलाय," आई कपाटातूनच म्हणाली. "आणि तिसरी लाट आली तर डिसेंबरात तरी कोण करू देणारे?"

ताईने फोन जवळ घेतला. "तू सांग. तू नको म्हणालीस तर मी थांबायला सांगते."

मी म्हटलं, "इट्स फाइन, ताई. गो अहेड."

"इंग्रजी झाडू नकोस. मराठीत सांग."

माझं असंच आहे. शाळेत मराठी बोललं की दंड होता, त्यामुळे की काय, पण आतलं काही लपवायचं असलं की मी इंग्रजीत शिरते. ताईला ते पक्कं माहीत होतं.

"खरंच चालेल," मी म्हटलं. "आजोबांसाठी करायलाच हवं."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग म्हणाली, "बरं."

खूप नंतर तिने सांगितलं की तिलाही डिसेंबरच हवा होता. लॉकडाउनमुळे ती दोघं धड भेटलीही नव्हती. घरात सगळे एका बाजूला झाल्यावर तिने मला फोन लावला होता, एक तरी 'नको' मिळावं म्हणून. तिचं छान चाललंय, तक्रार काही नाही. पण ते 'बरं' मला अजून ऐकू येतं.

रविवारी सकाळी दारात ताटाऐवजी एक स्टीलची वाटी होती. कुंकू लावलेल्या अक्षता. "मी पण लिंक लावलीय टीव्हीवर," खालून काकू म्हणाल्या. "साडी नेसलीस का?" साडी मी आणलीच नव्हती. मी बरा कुर्ता घातला आणि लॅपटॉपसमोर बसले.

फोन धरणारा मावसभाऊ सारखा अंतरपाटच दाखवत होता. मधेच ताईचा हात दिसला, मेंदी नीट रंगली नव्हती. तिच्या मागे मामेबहीण, मास्क लावून, हातात करा. टीव्हीवरचं 'सावधान' माझ्या लॅपटॉपच्या आधी यायचं, त्यामुळे प्रत्येक मंगलाष्टक मला दोनदा ऐकू येत होतं. काकूंच्या अक्षता पडून झाल्यावर माझ्या पडायच्या. मग चित्र अडकलं, आणि सुरू झालं तेव्हा अंतरपाट निघालेला होता.

दार वाजलं. "श्रीखंड-पुरी ठेवलीय गं." मी नाक ओढलं. काकू थांबल्या. "सर्दी झालीय का?"

"हो, थोडी," मी म्हणाले.

काय बोलले ते कळायच्या आत चपला भराभर खाली गेल्या. मग खालून काकांचा आवाज, "घसा दुखतोय का विचार. ताप बघ म्हणावं." खिडक्या उघडल्याचे आवाज. आणि त्यांच्या मुलीचा, "ममा, डू आय हॅव टू स्टे होम?" दुसऱ्या दिवशी तिची शाळा सुट्टीनंतर उघडणार होती. आठवडाभर ती नवं दप्तर घालून घरात फिरत होती, ते मी वरून ऐकलं होतं.

मी मास्क लावला आणि दार बोटभर उघडलं.

"काकू, सर्दी नाहीये. मी रडत होते."

मग काकू म्हणाल्या, "अगं देवा! मग तसं सांगायचं ना! यांनी ऑफिसला मेल टाकलीसुद्धा." काका हसले. काकू जिन्यात येऊन बसल्या. "ताईला कळलंय का तुझ्या?"

"नाही."

"मग लाव फोन. थांबतेयस कशाला?"

मी लावला. मामेबहिणीने उचलला. मागे घास भरवण्याचा आणि 'नाव घे, नाव घे'चा गलका चालला होता. "ती नंतर करते म्हणाली."

संध्याकाळी तिचा फोन आला तो सासरहून, स्पीकरवर. "हीच का धाकटी?" कोणीतरी विचारलं. "परदेशातली ना?" मी सगळ्यांना नमस्कार केला. आजोबांची तब्येत विचारली. ते स्वतःच म्हणाले, "ठणठणीत आहे, बाळ."

"तू दुपारी फोन केला होतास," ताई म्हणाली. "काही सांगायचं होतं का?"

तिच्या मागे बायका हसत होत्या, कोणी तिचा पदर सारखा करत होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "छान दिसत होतीस."