टॅबची पूजा
झेंडूचा वास आला की मला पावणे गावातल्या माझ्या आत्याच्या घरचा एक दसरा आठवतो. तिथे दसऱ्याला आजूबाजूच्या कारखान्यांतली यंत्रं धुऊनपुसून, हार घालून बसलेली असतात आणि गल्लीभर वंगणाचा आणि झेंडूचा मिळून एक वास कोंदलेला असतो. आत्याच्या पाटावर कोयता, विळी, कात्री मांडलेली होती आणि त्यांच्या शेजारी मी तिला दिलेला माझा जुना टॅब भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यावर ती मस्कतला नोकरी करणाऱ्या मुलीला रोज बघायची, पण दसऱ्याच्या थोडं आधी व्हिडिओ कॉलचं ॲप चालेनासं झालं. त्याला टॅबचं नवं अपडेट हवं होतं आणि टॅबच्या कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं कायमचं बंद केलं होतं. मला ते चांगलं ठाऊक होतं, तरी निघायच्या घाईत "अपडेट आलं की चालू होईल" असं सांगून मी सटकलो होतो. आत्याने टॅबच्या काचेवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, फूल वाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाला, तू पन हात जोड. अपडेट येल, मंग माजी पोरगी दिसंल." मी हात जोडले, वर डोळेही मिटले. परवा माझ्या स्वतःच्या टॅबवर 'यापुढे अपडेट मिळणार नाहीत' अशी पाटी झळकली. नवा मागवून झाला तरी हातातला चहा गरमच होता.