ओट्यावरचे तीन अंश

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. मी रिमोटवर चालणारी, दगडांवर चढणारी गाडी घेतली. न्हावा शेवा बंदराच्या कामात मी तीस वर्षं कंटेनरचे कागद पुढे सरकवले, स्क्रू म्हणून कधी पिळला नाही. एक तरी गोष्ट स्वतःच्या हातांनी नीट जमावी, एवढीच इच्छा होती. पण त्या हातभर गाडीने माझ्या नाकी नऊ आणले.

भानगड ॲक्सलची, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याची. त्याला मध्ये एक नाक असतं, आणि गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट तिथे जोडलेला असतो. नाक खाली राहिलं की शाफ्ट फार वाकडा बसतो आणि सांध्यात अडकून खडखडतो. पुढचं नाक जास्त वर घेतलं की चाकांचा कल बिघडतो आणि गाडी सरळ जायचं नाव घेत नाही. या दोहोंच्या मधला कोन साधायचा, त्यासाठी ॲक्सल धरून ठेवणाऱ्या सळ्यांची टोकं अर्धा अर्धा आटा फिरवायची. ऐकायला सोपं आहे.

मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गाडी ठेवायचो, ॲक्सलवर स्टीलची पट्टी टेकवायचो आणि पट्टीवर फोन ठेवून कोन बघायचो. पुढचा कोन मनासारखा आला की मागचं काम उजेडात यावं म्हणून गाडी फिरवायची. मागचं झालं की जाता जाता पुढचं पुन्हा तपासायचं. तर तिथे तीन अंशांचा फरक. ते तीन अंश घालवायचे, गाडी पुन्हा फिरवायची, की परत तीन अंश हजर. असे तीन आठवडे गेले. मी फोन बदलून पाहिला, सळ्या नवीन आणल्या, ज्याने गाडी विकली त्याला मनातल्या मनात वाट्टेल ते बोललो.

रविवारी आम्ही चार-पाच जण कर्नाळ्याच्या अलीकडे एका कोरड्या ओढ्यात गाड्या चढवतो. बेलपाड्याचा एक टेम्पोवाला त्यात सगळ्यात पटाईत. माझी गाडी दुसऱ्याच दगडावर खडखडून थांबली, तेव्हा तो शेजारी येऊन बसला.

"काका, पुढचा कोन बघा. शाफ्ट अडकतो हाय."

"मोजलाय मी."

"मंग नीट नाय मोजला तुमी."

त्याचं खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, पुढच्या रविवारपर्यंत जमलं नाही तर गाडी विकून टाकणार. ती म्हणाली, "आणि मग दिवसभर काय करणार?" खरं तर तोच प्रश्न टाळायला मी गाडी आणली होती.

शनिवारी दुपारभरात चौथ्यांदा तीन अंश दिसले आणि मी पाना सिंकमध्ये फेकला. बायको चहा टाकायला आली होती. ती बराच वेळ दारात उभी राहून बघत होती.

"गाडी सारखी उलटसुलट कशाला फिरवता?"

"उजेडासाठी."

तिने ओट्याच्या पलीकडच्या टोकाला पेलाभर पाणी ओतलं. पाणी गाडीच्या चाकांखालून सरळ सिंककडे निघालं.

"उतार आहे," ती म्हणाली. "घराचं काम चालू होतं तेव्हा गवंड्याने आधी सपाट बसवला होता. पाणी साचलं असतं. मी उभं राहून ग्रॅनाइट काढायला लावलं आणि परत बसवून घेतलं. तेव्हा तुम्हाला फोनही केला होता."

म्हणजे गाडी फिरवली की ओट्याचा उतार उलट बाजूने माझ्या कोनात मिसळत होता. पण मला तो फोन आठवेना. "मी काय म्हणालो?"

"तुला पटेल तसं कर."

इतकी लाज मला ओढ्यात सगळ्यांदेखत गाडी बंद पडली तेव्हाही वाटली नव्हती. तीन आठवडे मी गाडीला शिव्या घालत होतो, आणि ज्या ओट्यावर रोज स्वयंपाक होतो तो कसा आहे हे मला माहीत नव्हतं.

"हॉलची फरशी सरळ आहे," ती म्हणाली. "गवंड्याच्या पातळी बघायच्या पाण्याच्या नळीने कोपरान् कोपरा तपासून घेतला होता मी."

आम्ही हॉलमध्ये खाली बसलो. तिने पट्टी धरली, मी सळ्या फिरवल्या. गाडी कशीही फिरवली तरी आकडा तोच. अर्ध्या तासात पुढचं-मागचं दोन्ही बसलं, चाक हाताने फिरवलं तर शाफ्ट लोण्यासारखा फिरला. मला हवं होतं ते मिळालं होतं, पण आनंद व्हावा तसा होईना.

"हे घर लावताना अजून काय काय केलंस तू?" मी विचारलं.

तिने पट्टी खाली ठेवली. "आता विचारताय," म्हणाली, पण रागावून नाही. मग दाराच्या चौकटीपासून सांगायला लागली. बाथरूमपर्यंत येईतो चहाची वेळ टळून गेली, आणि तेवढ्या वेळात मला एकदाही 'माहीत आहे' म्हणता आलं नाही.